“टेक्सासमध्ये टॅक्सच नाही” हा फॉरवर्ड, आणि माझा मावसभाऊ

गेल्या रविवारी सकाळी मावसभावाचा फोन आला. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत भाड्याने राहतो, नवरा-बायको दोघं नोकरीला. “ताई, डॅलसच्या बाजूला घर पसंत केलं. व्हिडिओवरच बघितलं. मंगळवारी टोकन देतोय.”

म्हटलं, अरे, एकदा विमानाने येऊन डोळ्याने तरी बघ.

“बघायचं काय त्यात? तुमच्याकडे टेक्सासमध्ये टॅक्सच नाही ना!”

आणि लगेच तो मेसेज आला. गेल्या दोन महिन्यांत वेगवेगळ्या ग्रुपांवर मला हा चौथ्यांदा मिळालाय. तीनदा डिलीट केला. या वेळी घरातलाच माणूस त्यावर विसंबून पाच लाख डॉलरचं घर घ्यायला निघालाय, म्हणून लिहायला बसले.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणून अख्खा पगार हातात. घर निम्म्या किमतीत, म्हणून हप्ताही निम्मा. कंपनी न्यूयॉर्कची असली तरी टेक्सासमधल्या घरून काम करा, न्यूयॉर्क तुम्हाला हात लावू शकत नाही. ३१ डिसेंबरच्या आत मुक्काम हलवलात तर जुन्या राज्याने वर्षभर कापलेला टॅक्स सगळा परत. वीज, पेट्रोल, किराणा सगळंच स्वस्त. मुलांना पोचल्या दिवसापासून कॉलेजची इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी आणि “प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा”.

मी २०१८ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनहून इकडे आले. इथे सुखाने राहते आहे, तेव्हा ही टेक्सासची निंदा नाही.

आधी जे खरं आहे ते कबूल करून टाकते. टेक्सास पगारावर टॅक्स घेत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून तशी बंदी थेट राज्यघटनेतच घातली, त्यामुळे उद्या एखाद्या गव्हर्नरच्या मनात आलं म्हणून तो लागू होणार नाही. न्यू जर्सीत दोन लाख डॉलरच्या करपात्र उत्पन्नावर जोडप्याला साधारण ८,७०० डॉलर राज्याला द्यावे लागतात. ते इथे वाचतात. रक्कम लहान नाही.

पण “इन्कम टॅक्स नाही” आणि “टॅक्स नाही” ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि मेसेजवाल्याने पहिलं सांगून दुसरं गळी उतरवलंय. रस्ते, शाळा, पोलीस टेक्सासलाही लागतात. तो पैसा येतो सेल्स टॅक्समधून आणि घरावरच्या टॅक्समधून. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी ही संस्था राज्याचे आणि स्थानिक सगळे टॅक्स एकत्र धरून, कोणाच्या उत्पन्नातला किती हिस्सा जातो ते मांडते. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या तिच्या अहवालात टेक्सासच्या सर्वांत कमी कमावणाऱ्या वीस टक्के लोकांच्या उत्पन्नातले १२.८ टक्के या टॅक्सांत जातात, आणि वरच्या एक टक्क्याचे ४.६ टक्के. इन्कम टॅक्स नसलेलं दुसरं लाडकं राज्य फ्लोरिडा. तिथे हेच आकडे १३.२ आणि २.७. म्हणजे पगार जितका मोठा, तितकी ही राज्यं स्वस्त. एका पगारावर चार माणसं चालवणाऱ्याने किंवा नुकती पहिली नोकरी लागलेल्याने हा मेसेज वाचून नाचायचं कारण नाही.

आता न्यूयॉर्कचा मुद्दा. बाकीचे मुद्दे अर्धवट आहेत, हा धडधडीत चूक आहे, आणि माझ्या भावाला नेमका हाच लागू होतो.

त्याचं ऑफिस मॅनहॅटनला. मॅनेजरने तोंडी सांगितलंय, टेक्सासला जा, घरून काम कर, महिन्यातून दोन दिवस इकडे तोंड दाखव. मेसेजच्या हिशेबाने त्याचा पगार आता टॅक्समुक्त. न्यूयॉर्कच्या हिशेबाने मात्र काहीच बदललेलं नाही. तिथे ‘कन्व्हीनियन्स ऑफ द एम्प्लॉयर’ नावाचा नियम आहे. तुमचं नेमलेलं ऑफिस न्यूयॉर्कात असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातल्या घरून काम करत असाल, तर ते दिवसही न्यूयॉर्कातच काम केल्यासारखे धरले जातात. सुटका कधी? तुमचं घर हे खरोखर कंपनीचं ऑफिस आहे असं दाखवता आलं तर. त्याच्या कसोट्या टॅक्स खात्याच्या २००६ च्या परिपत्रकात दिल्या आहेत, आणि बेडरूमच्या कोपऱ्यातलं टेबल त्यात बसत नाही.

कोणी म्हणेल, कोर्टात टिकेल का हे? टिकलंय. एडवर्ड झेलिन्स्की हे कार्डोझो लॉ स्कूलचे प्राध्यापक. शिकवायला न्यूयॉर्कात यायचे, बाकीचे दिवस कनेक्टिकटमधल्या घरी बसून लेखन-वाचन करायचे. घरच्या दिवसांचा टॅक्स न्यूयॉर्कने मागितला म्हणून ते राज्याच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. कायद्याचा प्राध्यापक जिथे हरला तिथे आपण व्हॉट्सॲपच्या भरवशावर उभं राहायचं!

गंमत अशी की भाऊ आजही आपल्या पगारावर न्यूयॉर्कलाच टॅक्स भरतो, आणि न्यू जर्सी त्याचं क्रेडिट देते, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या टॅक्समधून वजा करते. टेक्सासला गेल्यावर न्यूयॉर्क तसंच चालू राहणार, आणि टेक्सासचा स्वतःचा टॅक्सच नसल्याने क्रेडिट कशातून देणार? म्हणजे वर कबूल केलेल्या ८,७०० पैकी त्याच्या वाट्याला जवळजवळ भोपळा. त्याच्या बायकोची कंपनी न्यू जर्सीतली आहे आणि तिला पूर्ण वेळ इकडून काम करायची लेखी परवानगी आहे. तिचा पगार मात्र सुटेल. तेवढं मी त्याला सांगितलं. तिच्या पगाराचं ऐकून घेतलं, स्वतःच्या पगाराचं ऐकताना म्हणाला, “ताई, तू फार निगेटिव्ह आहेस.”

घराचं जरा सविस्तर सांगते, कारण यात आम्ही स्वतः पोळलोय.

भावाने पसंत केलेलं घर नव्या वसाहतीत आहे, शहराच्या हद्दीबाहेर. बिल्डरच्या माणसाने हप्ता सांगितला, भावाने तो जर्सी सिटीच्या भाड्याशी ताडून पाहिला आणि खूश झाला. त्या हप्त्यात मुद्दल, व्याज, विमा आणि प्रॉपर्टी टॅक्स असं सगळं धरलंय. टॅक्सचा भाग लेंडर (कर्ज देणारी कंपनी) दर महिन्याला एस्क्रोत, म्हणजे त्यासाठीच्या वेगळ्या खात्यात, जमा करून ठेवतो आणि वर्षाअखेरीला, ३१ जानेवारीच्या मुदतीआत, परस्पर भरतो. प्रश्न असा, की तो टॅक्स कशाचा धरलाय?

टेक्सासमध्ये घराची किंमत त्या वर्षाच्या १ जानेवारीला जशी असेल तशी धरतात. त्या दिवशी तिथे नुसता प्लॉट असेल, फार तर पाया, तर त्या वर्षाचं बिल मोकळ्या जमिनीचं येतं. काही लेंडर पुढचा विचार करून पूर्ण घराच्या अंदाजाने पैसे कापतात. पण जमिनीच्या बिलावर हिशेब करणारेही असतात, आणि हप्ता कमी दिसत असेल तर बिल्डर कशाला तोंड उघडेल?

आकडा मांडून बघू. घर पाच लाखांचं. काउंटी, शाळांचा जिल्हा (आयएसडी), कम्युनिटी कॉलेज आणि एमयूडी मिळून किमतीच्या दर शंभर डॉलरला २.२० डॉलर धरू. (एमयूडी म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. नव्या वसाहतीचं पाणी, गटारं, सांडपाण्याची सोय यांसाठी तो रोखे काढतो आणि तुमच्याकडून वसूल करतो. मेसेजमध्ये हा शब्द एकदाही नाही, आणि भावाने तो माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.) पहिल्या वर्षी जमीन एक लाखाची, बिल २,२००, महिन्याला १८३ डॉलर. दुसऱ्या वर्षी घर पूर्ण. होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे स्वतः राहत्या घरावरच्या सवलतीचा, अर्ज वेळेवर भरला असेल तर शाळेच्या टॅक्ससाठी किमतीतून १,४०,००० वजा होतात. २.२० पैकी शाळेचा दर १.१० धरला तरी बिल साडेनऊ हजारांच्या जवळ. महिन्याला जवळपास ७९०.

आता हप्ता सहाशेने वाढला म्हणाल, तर तिथेच थांबत नाही. एस्क्रोत जमले २,२००, भरावे लागले साडेनऊ हजार. मधला खड्डा लेंडर पुढच्या बारा महिन्यांत तुमच्याकडूनच भरून घेतो. म्हणजे आणखी सहाशे. एका पत्राने हप्ता बाराशे डॉलरनी वर.

आम्हाला ते पत्र मार्चमध्ये आलं. मला वाटलं जाहिरात आहे, फ्रिजवर मॅग्नेटखाली आठवडाभर तसंच लटकत होतं. उघडलं तेव्हा नवऱ्याने आधी लेंडरला फोन करून चूक झालीय म्हणून भांडून घेतलं. चूक कोणाचीच नव्हती, आम्ही क्लोजिंगच्या (घर नावावर होतानाच्या) कागदांत टॅक्सची ओळ वाचलीच नव्हती. त्या उन्हाळ्यातली भारताची तिकिटं रद्द केली.

इथे एक गोष्ट मनाविरुद्ध का होईना मान्य करते: न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स यापेक्षाही जड आहे. २०२४ मध्ये तिथलं सरासरी बिल दहा हजारांवर गेलं. एडिसनमधलं स्वतःचं घर विकून येणाऱ्याला इथला आकडा ओळखीचाच वाटेल. पण भाऊ भाड्याने राहतो. त्याने असं बिल आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि मेसेज त्याला सांगतोय की ते येतच नाही.

हप्त्यातला विमाही असाच. इथे गारा पडतात, आणि त्या गारांनी छप्परं बाद होतात. पॉलिसीत वारा-गारपिटीचं डिडक्टिबल बऱ्याचदा ठरावीक रकमेत नसून टक्क्यांत असतं. चार लाखांचं कव्हर आणि दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार आपल्या खिशातून.

३१ डिसेंबरचा मुद्दा ज्याने लिहिला त्याने आयुष्यात पार्ट-इयर रिटर्न भरलेलं नसावं. ज्या तारखेपर्यंत तुम्ही जुन्या राज्याचे रहिवासी होता तोपर्यंतच्या कमाईवर ते राज्य टॅक्स घेणारच. डिसेंबरात हलून अकरा महिन्यांचा टॅक्स परत मिळत असता तर दर नाताळात अर्धं न्यू जर्सी टेक्सासला दिसलं असतं. उलट कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांना सांगते, तिथे असताना कंपनीने देऊ केलेले शेअर (आरएसयू) इथे आल्यावर व्हेस्ट झाले, म्हणजे प्रत्यक्ष हातात आले, तरी ग्रँटपासून (देऊ केल्यापासून) व्हेस्टपर्यंतचे जितके कामाचे दिवस कॅलिफोर्नियात गेले तितका हिस्सा कॅलिफोर्निया मागते.

स्वस्ताईचं म्हणाल तर पेट्रोल स्वस्त आहे, खरं आहे. टेक्सासचा गॅस टॅक्स १९९१ पासून गॅलनला २० सेंटवरच आहे. पण जर्सी सिटीत भाऊ पाथ ट्रेनने ऑफिसला जातो आणि त्यांच्याकडे एकच गाडी आहे. इथे उपनगरात दोन लागतील, दोन गाड्यांचा विमा लागेल, आणि टोलटॅगचं बिल वेगळं. विजेचा दर कमी आहे, पण बऱ्याच ठिकाणी कंपनी आपली आपण निवडायची आणि करार कधी संपतो ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. विसरलात की महिन्या-महिन्याच्या महागड्या दरावर ढकलतात, आणि तेही नेमकं ऑगस्टात, एसी दिवसरात्र चालू असताना. किराण्यावर टॅक्स नाही, पण तो न्यू जर्सीतही नाही. तिथे कपड्यांवरही नाही; इथे कपड्यांवर सव्वाआठ टक्क्यांपर्यंत लागतो, ऑगस्टमधल्या एका वीकेंडची सूट सोडून.

इन-स्टेट फीसाठी आधी बारा महिने इथे राहावं लागतं. पोचल्या दिवसापासून वगैरे काही नाही.

मंगळवारी संध्याकाळी भावाला परत फोन केला. टोकन दिलं नव्हतं. बिल्डरकडून टॅक्स रेटचा कागद मागवलाय, आणि लेंडरला विचारलंय की एस्क्रो जमिनीवर धरलाय की घरावर. एचआरला मेल टाकलाय, माझं नेमलेलं ऑफिस कागदोपत्री डॅलसच्या शाखेत बदलून मिळेल का म्हणून. एचआरचं उत्तर यायचंय. बिल्डरच्या कागदावर एमयूडीची ओळ आहे, दर शंभराला ९५ सेंट. फोटो पाठवून खाली लिहिलंय, “ताई, हे नक्की काय असतं ते परत एकदा सांग.”