बोन्सायला उपाशी ठेवायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

"नवशिक्यांसाठी बोन्सायचे सोपे नियम" असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. मी दुर्लक्ष करत होते. पण आता तो माझ्या मावशीपर्यंत पोचला, तिने तो अक्षरशः पाळला आणि तिचं जुनिपरचं बोन्साय वाळून गेलं. वर तीच म्हणतेय की माझ्या हाताला झाडं लागत नाहीत. तिच्या हाताला काही झालेलं नाही, मेसेजच चुकीचा आहे, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात. बोन्साय हे घरातलं झाड, ऊन नको. पाणी रोज दोन चमचे, जास्त दिलं तर झाड मोठं होतं. खत अजिबात नाही, कारण तेच. दर तीन महिन्यांनी मुळं कापा. कुंडीच्या तळाला खड्यांचा थर द्या, मग भोक नसलं तरी चालतं. फांदीला आकार द्यायला तार एकदा गुंडाळली की वर्षभर हात लावू नका. आणि शेवटी दिलासा दिल्यासारखी एक ओळ, की बोन्साय तसंही चार-पाच वर्षंच जगतं, गेलं तर वाईट वाटून घेऊ नका.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पाण्या-खताच्या नियमांची. झाड उपाशी ठेवलं म्हणून लहान राहतं हे कुणी पहिल्यांदा पसरवलं कुणास ठाऊक, पण त्याच्यामुळे भरपूर झाडं मेलीत. बोन्साय लहान राहतं कारण मुळांना जागा बेताची असते आणि वरचे शेंडे आपण सतत खुडत असतो, बस. झाड तेच असतं, बी तेच, जात तीच. तेच झाड ट्रेमधून, म्हणजे बोन्सायच्या उथळ कुंडीतून, काढून जमिनीत लावा आणि खुडणं थांबवा, सरळ वाढायला लागेल. पानं थोडी बारीक होतात, पण फुलं आणि फळं मात्र त्या जातीच्या नेहमीच्याच आकाराची येतात, म्हणूनच छोट्याशा झाडाला एवढं मोठं फळ कसं काय असं लोकांना वाटतं. उपाशी झाडाला असं फळ धरता आलं असतं का?

उलट बोन्सायला पाण्याची काळजी जास्तच घ्यावी लागते. जमिनीतलं झाड खाली मुळं सोडून ओल शोधतं, ट्रेमधल्या झाडाकडे ओंजळभर माती असते आणि ती कडक उन्हात एका दिवसात सुकते, कधी कधी दिवसातून दोनदा पाणी द्यावं लागतं. दोन चमच्यांनी काय होतं, तर वरचा पातळ थर ओला दिसतो आणि खालची माती कोरडीठाक. पाणी ओढून घेणारी बारीक तंतुमुळं सगळ्यात आधी मरतात, आणि ती गेली की नंतर बादलीभर पाणी ओता, झाडाला ते घेताच येत नाही. जुनिपरच्या बाबतीत तर आणखी वाईट, ते मेल्यानंतरही काही आठवडे हिरवं दिसतं. म्हणजे मावशी ज्या झाडाला रोज दोन चमचे पाणी घालत होती ते कदाचित आधीच गेलेलं होतं. शंका आली तर बारीक फांदीची साल नखाने हलकेच खरवडून बघा, खाली हिरवा ओलसर थर दिसला तर जीव आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर ती फांदी गेली, मग दुसरी तपासा.

पाणी द्यायची पद्धत अशी: बोट किंवा लाकडाची काडी मातीत घालून बघायची, वरचा भाग सुकत आलाय आणि आत किंचित ओल आहे असं वाटलं की पाणी द्यायचं, आणि द्यायचं तर तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत, पाच-दहा मिनिटांनी परत एकदा. घड्याळ लावून, वार ठरवून नाही. पानांवर स्प्रे मारणं म्हणजे पाणी देणं नव्हे, मुळांपर्यंत त्यातलं काही पोचत नाही.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. जास्त पाण्यानेही झाडं मरतात, सतत चिखलात राहिलेली मुळं कुजतात. पण त्यावर उपाय प्रत्येक वेळी थोडं थोडं देणं हा नाही, दोन पाण्यांमध्ये वाफसा येऊ देणं हा आहे. खताचंही तसंच. पाइनच्या सुया आखूड राहाव्यात म्हणून जाणकार लोक ठरावीक काळात खत थांबवतात, आणि आजारी किंवा नुकतंच रिपॉट केलेल्या (मुळं छाटून नव्या मातीत लावलेल्या) झाडालाही लगेच खत देत नाहीत, हे खरं. पण त्यावरून "खत अजिबात नाही" कसं होतं? बोन्सायच्या मिक्समध्ये, म्हणजे कुंडीत भरायच्या मिश्रणात, प्युमिस, लाव्हा रॉक असे दगडाचे कण असतात, त्यात अन्न जवळजवळ नसतंच आणि जे असतं ते प्रत्येक पाण्याबरोबर वाहून जातं. वाढीच्या दिवसांत हलकं खत नियमित लागतंच.

आता ती चार-पाच वर्षांची ओळ. ही मला सगळ्यात घातक वाटते, कारण झाड मेलं तरी कुणी कारण शोधायला जात नाही, आयुष्य संपलं म्हणून सोडून देतात आणि पुढचं झाडही तसंच मारतात. वॉशिंग्टनच्या यूएस नॅशनल आर्बोरेटममध्ये (सरकारी वृक्षोद्यानात), तिथल्या बोन्साय म्युझियममध्ये एक जपानी व्हाइट पाइन आहे, यामाकी पाइन म्हणतात त्याला. १६२५ पासून ते बोन्साय म्हणून वाढवलं जातंय, म्हणजे जवळपास ४०० वर्षं, आणि यामाकी कुटुंबाच्या कितीतरी पिढ्यांनी ते सांभाळलं. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते स्फोटाच्या ठिकाणापासून साधारण तीन किलोमीटरवर त्यांच्या नर्सरीत होतं, भिंतीच्या आडोशाला, आणि वाचलं. १९७६ मध्ये मासारू यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं, तेव्हा ही गोष्ट तिथे कुणाला माहीत नव्हती, २००१ मध्ये त्यांचे नातू बघायला आले तेव्हा कळली. दोन चमचे पाण्यावर ४०० वर्षं निघत नाहीत. रोज कुणीतरी त्या मातीत बोट घालून बघत आलंय.

उन्हाचा मुद्दा. बोन्साय ही झाडाची जात नाही, कुठलंही झाड तसं वाढवता येतं, त्यामुळे "बोन्सायला ऊन नको" या वाक्याला अर्थच नाही, झाड कुठलं ते विचारा. जुनिपर, पाइन, मेपल ही बाहेरची झाडं, त्यांना ऊन-वारा लागतो आणि हिवाळ्यातली थंड विश्रांतीही लागते. घरातच ठेवायचं असेल तर फायकस किंवा जेड घ्या, आणि तेही अगदी खिडकीला लागून. डोळे आपल्याला फसवतात, भरदुपारी बाहेर लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो आणि चांगल्या उजेडाच्या ऑफिसात ३०० ते ५००, पण आपल्याला दोन्हीकडे लख्खच वाटतं. झाडाला मात्र तो फरक म्हणजे अन्नाचाच फरक.

खड्यांचा थर. भिजलेला स्पंज आडवा धरा, गळायचा थांबला की उभा करा, परत पाणी गळतं. मातीचंही असंच, थर जितका उथळ तितकं त्याच्या मानाने पाणी जास्त अडकून राहतं, आणि खाली खडे टाकले की मातीचा थर आणखी उथळ होतो. म्हणजे निचरा सुधारत नाही, ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते. निचरा होतो तो मिक्समधल्या जाडसर कणांमुळे, त्यातली धूळ चाळून काढायची. आणि भोक नसलेली कुंडी नको म्हणजे नकोच, यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

मुळं दर तीन महिन्यांनी कापायची तर झाड सावरणार कधी? जोमात वाढणाऱ्या तरुण झाडाला साधारण एक-दोन वर्षांनी रिपॉटिंग, जुन्याला तीन ते पाच वर्षांनी, नवी पालवी फुटायच्या तोंडावर, आणि नवशिक्याने एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं कापूच नयेत. नुकतंच आणलेलं झाड ठीकठाक असेल तर त्याला आधी बसू द्या.

तार: फांदी जाड होत जाते, तार होत नाही, ती सालीत रुतते आणि तो गोल गोल व्रण वर्षानुवर्षं राहतो. वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला बघा, रुतायला लागली की लगेच काढा, फांदी हव्या त्या आकारात बसली नसेल तर नव्याने गुंडाळा. काढताना उलटी उलगडत बसू नका, फांदी तुटते, कटरने प्रत्येक वेढा वेगळा कापून काढा.