कंबर तलावाचे फेरे

सोलापुरात पोट उतरवण्यासाठी माणसं ज्या पाण्याभोवती चालतात, त्याचं नाव कंबर तलाव. कागदोपत्री तो धर्मवीर संभाजी तलाव, पण रिक्षावाल्याला कंबर तलावच सांगावं लागतं. पहाटे विजापूर रोडच्या बाजूनं चाळिशी-पन्नाशीची वर्दळ सुरू होते. कानटोपी उन्हाळ्यातही असते, हातात मोबाईल असतो आणि तोंडात दोनच विषय असतात: शुगर आणि "किती उतरलं?" या दुसऱ्या विषयाशी माझं जुनं भांडण आहे. किती उतरलं हे सगळे विचारतात, काय उतरलं हे कुणी विचारत नाही.

काटा बिचारा आंधळा. चरबी, स्नायू, पाणी आणि सकाळी न झालेलं पोट साफ, हे सगळं तो एकाच मापात मोजतो. नुसतं खाणं तोडून जे वजन जातं, त्यातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतोच. म्हणजे आठ किलो उतरले म्हणून पेढे वाटणाऱ्यानं त्यातल्या दोनेक किलोंचे पेढे वाटायला नको होते. चादर धुवायला टाकावी, मळ निघावा आणि घडी उलगडल्यावर कळावं की मळासोबत ताण्यातलं सूतही गेलंय, तसला हा प्रकार. पोट खाली बसतं, पण दंडावरचा शर्ट फडफडायला लागतो, गालफडं बसतात आणि नवी पेठेत भेटलेला वर्गमित्र भर रस्त्यात ओरडतो, "काय बे, उपाशी मरालास का?"

त्यात तिशीनंतर व्यायाम न करणाऱ्याचे स्नायू दर दशकाला तीन ते आठ टक्के असे गुपचूप जातच असतात. "चाळिशीनंतर मेटाबॉलिझमच मंदावतं हो" हे वाक्य मात्र आता सोडून द्यावं लागेल. २०२१ साली २९ देशांतल्या सहा हजारांवर लोकांच्या रोजच्या कॅलरी-खर्चाची मोजणी प्रसिद्ध झाली, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या आजोबांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायू हिशोबात धरले, तर विशी ते साठी खर्च जवळपास तेवढाच निघाला. मंदावतो तो जिना चढणारा माणूस. ज्या बहाण्यावर दोन पिढ्या निवांत जेवल्या तो असा हातचा गेला, याचं मलाही वाईट वाटतं.

गणित तसं सोपं आहे. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी. रोज ५०० कमी खाल्ल्या तर आठवड्याला ३,५००, म्हणजे अर्ध्या किलोच्या आतबाहेर. पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या मध्यमवयीन माणसानं याहून घाई करू नये, ३०० ते ५०० ची तूट बास. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तर हुरळून जाऊ नका. पिठूळ खाणं कमी झालं की स्नायूंतला साखरेचा साठा आटतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं. शनिवारी मीठ-मसाल्याचं मटण झालं की तेच पाणी रविवारी सकाळी काट्यावर हजर. म्हणून वजन सकाळी, संडास आटोपून, चहाच्या आधी करावं आणि आठवड्याची सरासरी धरावी. कंबर वेगळी मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप लावून, श्वास साधा सोडून. पोट आत ओढून घेतलेलं माप शिंप्यालाही चालत नाही. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०, ही आपल्याकडची धोक्याची रेघ.

आता आमच्या ताटाकडे येऊ, कारण घोटाळा तिथंच आहे.

सोलापुरात डाएट म्हणजे कडक भाकरी. ती पातळ असते, पापडासारखी मोडते, हातात घेतली तर पोस्टकार्डाएवढी वाटते, म्हणून ती हलकी असा सर्वमान्य समज आहे. हलकी आहेच, कारण तिच्यातलं पाणी गेलंय. पीठ कुठंही गेलेलं नाही. तव्यावरच्या मऊ भाकरीत वजनाचा मोठा भाग पाणी असतो. कडक भाकरी शंभर ग्रॅम घेतली तर ती जवळजवळ शंभर ग्रॅम ज्वारीच आहे, म्हणजे साडेतीनशेच्या घरात कॅलरी. मऊ भाकरी दोन झाल्या की माणूस "बास" म्हणतो. कडक भाकरीला बास नाही. ती टीव्हीसमोर एकेक तुकडा मोडत मालिका संपेपर्यंत चालते, आणि वर "मी रात्रीचं जेवणच सोडलंय" असं सांगता येतं. घरी किचनचा काटा असेल तर एकदा पुडा त्यावर ठेवून बघा. नंतर ती आमटीत चुरून, मोजून खा. माझा तिच्यावर राग नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीवर कोण रागवेल?

दुसरा गैरसमज शेंगाचटणीचा. "शेंगदाण्यात प्रोटीन असतं" हे खरं आहे, शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये ५६० च्या आसपास कॅलरी आहेत आणि त्यातल्या तीन चतुर्थांश तेलाच्या. ज्या चटणीला उखळात कुटताना तेल सुटतं म्हणून आपण वाखाणतो, ती प्रोटीनची गोळी कशी असेल? तीस ग्रॅम प्रोटीन दाण्यांतून मिळवायचं तर सव्वाशे ग्रॅमला थोडे कमी दाणे, म्हणजे ६५० च्या वर कॅलरी. तेवढंच प्रोटीन साठ ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून दोनशेच्या आसपास कॅलरीत येतं. चटणी सोडू नका, सोलापुरात राहून ते शक्यही नाही. फक्त ती चमच्यानं घ्या, भाकरीनं उचलू नका. सपाट चमचा आणि डोंगराएवढा चमचा यात सोलापुरी माणसाच्या हातून दुपटीचा फरक पडतो.

तिसरं तेल. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ३३ मिलीलिटर झालं, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी नुसत्या फोडणीच्या. बाजार आमटीवरची तर्री चमच्यानं बाजूला काढली तर ५०० च्या तुटीतला मोठा हप्ता ताटातच फिटतो. तर्री काढताना समोरच्याच्या तोंडाकडे मात्र बघू नये, फार दुखावल्यासारखं दिसतं.

तूट झाली, आता भर. स्नायू टिकवून वजन उतरवायचं असेल तर अंगाच्या वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं. पंचाहत्तर किलोच्या गृहस्थाला नव्वदच्या पुढं. फार जास्त वजन असेल तर आजचं वजन न धरता जिथं पोचायचंय ते धरा. शिवाय वय वाढतं तसे स्नायू वरच्या साहेबासारखे होतात: थोड्याथोडक्यावर हालत नाहीत. दर जेवणाला २५-३० ग्रॅम एकदम पुढं ठेवलं तर फाईल सरकते. आपलं होतं उलट. सकाळी पोहे, त्यात चार-पाच ग्रॅम. दुपारी भाकरी आणि पातळ आमटी, ज्यात डाळ शोधायला गळ टाकावा लागतो. संध्याकाळी चहा-खारी. मग रात्री जे काय असेल ते.

शाकाहारी घरातही जमतं, पण मोजावं लागतं. सकाळी साठ ग्रॅम मूगडाळ किंवा बेसनाची धिरडी आणि मोठी वाटी दही, साधारण वीस. दुपारी दीड भाकरी, चाळीस ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण आणि पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, अठ्ठावीसच्या आसपास. चारला मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम फुटाणे, सहा. रात्री चाळीस ग्रॅम सोयावड्यांचा रस्सा, एक भाकरी आणि दही, तीस. बेरीज चौऱ्याऐंशी, वरून पेलाभर दूध घेतलं की नव्वद पार. सोयावड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळल्या नाहीत तर त्यांना उग्र वास येतो आणि घरातले दुसऱ्या दिवसापासून संप करतात. उसळी एकदम वाढवल्या तर पोट गुबारतं, म्हणून आठवड्याला थोडं थोडं वाढवा. अंडी खाणाऱ्याचं काम सोपं, एकात सहा ग्रॅम. मटण खाणाऱ्यानं लक्षात ठेवावं की प्रोटीन फोडीत असतं. रश्श्यात भाकरी कुस्करून दोन वाट्या ओरपल्यानं स्नायू होत नाहीत, झोप येते.

मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर हे आकडे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हातात घेऊ नका. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असताना जेवण कमी केलं आणि गोळी तेवढीच राहिली, तर शुगर धाडकन उतरते. वजनाआधी माणूसच खाली बसतो.

उपवासाचं काय, असं विचाराल. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे तिथं विचारायलाच हवं. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच पूर्वजांनी स्वानुभवातून केलेली आहे. साबुदाण्यात प्रोटीन नावालाही नाही, नुसतं पीठ. खिचडीतली सगळी इभ्रत दाण्याच्या कुटाची आणि तुपाची. उपवास करायचाच तर ताक, दूध, राजगिरा आणि मोजके दाणे यांवर करावा. महिन्यातून दोन दिवसांनी स्नायू पळून जात नाहीत. पळतात ते तीन महिने दुधीच्या रसावर राहणाऱ्यांचे. शिवाय दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, तेव्हा हा माणूस शाम्पू बदलतो.

आता ज्याच्याशिवाय वरचं सगळं फुकट, ते. कंबर तलावाला चाळीस मिनिटं फेऱ्या मारल्या तर पावणेदोनशे कॅलरी जळतात. परतीच्या वाटेवरचा वडापाव त्या व्याजासकट परत आणून ठेवतो. चालणं हृदयाला आणि शुगरला उत्तम, पण दंड, छाती आणि पाठ यांना चालण्यातून काही निरोप जात नाही. शरीर कंजूष आहे. खायला कमी येतंय आणि हा स्नायू कुणी वापरत नाही असं दिसलं की ते तो मोडीत काढतं. वापर दाखवावा लागतो, तोही जड. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

जिमला जायची लाज वाटत असेल तर घरी भरपूर सामान आहे. पक्क्या खुर्चीतून हात न टेकता उठबस: खाली जाताना मनात तीन आकडे मोजायचे, आठ ते बारा वेळा, असे तीन सेट. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा सहज व्हायला लागल्या की तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्यानं भरून छातीशी धरा, ते झाले पाच किलो. इथं चुकतं ते असं की लोक वजन वाढवतच नाहीत, बाराच्या पन्नास करतात आणि गुडघ्याच्या नावानं खडे फोडतात. मग ओट्याला हात टेकून दंड. आणि सोलापुरी टॉवेल! खिडकीच्या पक्क्या गजाला तो अडकवायचा, दोन्ही टोकं धरून मागं झुकायचं आणि छाती गजाकडे ओढायची. पाठीला याच्यासारखा व्यायाम नाही. गज भिंतीत पक्का बसलाय का हे आधी बघा, टॉवेलची चिंता करू नका. मे महिन्यात पारा बेचाळीसला असताना हे दुपारी करणं म्हणजे वेडेपणा, सकाळी सहालाच उरका.

आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली एक सोपी खूण ठरवली: हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर ताकद घटल्याची शंका घ्यावी. दर महिन्याला ही वेळ लावा. वजन उतरतंय आणि सेकंद वाढतायत, तर डाएट थांबवून पहिलं प्रोटीन आणि व्यायाम तपासायचा.

झोपही यातच मोजा. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात दहा जणांना तेवढंच कमी खायला देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात ठेवलं. वजन दोन्ही वेळा सारखंच गेलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली आणि बाकीचं गेलं ते मांस. रात्री बारापर्यंत डाएटचे व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

एक व्यायाम राहिला, तो पाणी येण्याच्या दिवशीचा. दहा लिटरची बादली काठोकाठ भरली की दहा किलो. दोन हातांत दोन घ्यायच्या, खांदे मागं, पोट किंचित आवळलेलं, आणि अंगणात चाळीस पावलं चालायचं. बादली मांडीला लागली तर खांदा पडलाय असं समजा. एक मिनिट थांबून परत, असे तीन-चार फेरे. मूठ, खांदे, कंबर, पोटऱ्या, सगळं एकदम कामाला लागतं. अडचण एकच आहे: शेवटच्या फेऱ्यानंतर त्याच दोन भरलेल्या बादल्या जिथून उचलल्या तिथंच मोरीत आणून ठेवाव्या लागतात, आणि आतून प्रश्न येतो, "अहो, झाडांना घालायचं नव्हतं तर नेल्या कशाला?"