कार्डाचे ‘फुकट’ पन्नास दिवस आणि शेअर बाजार

मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक हिशेब फिरतोय: क्रेडिट कार्डावर ५० दिवस बिनव्याजी मिळतात. घरभाड्याच्या नावाखाली लाखभर रुपये नातेवाइकाच्या खात्यात वळवा, शेअरमध्ये लावा, नफ्यासह काढून बिल भरा. नाहीच जमलं तर ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरा. हा हिशेब चुकीचा आहे.

‘५० दिवस मिळतात.’ बिल १० तारखेला निघत असेल आणि ३० तारखेपर्यंत भरायचं असेल, तर ११ तारखेच्या खर्चाला मिळतात. ९ तारखेच्या खर्चाला जेमतेम २१.

‘पैसे फुकट आहेत.’ म्युच्युअल फंड किंवा ब्रोकरकडे क्रेडिट कार्ड चालत नाही, म्हणून ही भाड्याची आडवाट; २०२५ मध्ये अनेक ॲपनी तीही बंद केली. तिथे २ टक्के आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर लाखामागे २,३६० रुपये आधीच गेले. वार्षिक १२ टक्क्यांनी ५० दिवसांत मिळतात १,६४४, तेही अल्पकालीन नफ्यावरच्या २० टक्के कराआधी. शिवाय खोटं भाडं दाखवल्याचं लक्षात आलं तर बँक कार्ड बंद करू शकते.

‘मिनिमम ड्यू भरलं की निभावतं.’ खरा घात इथे होतो. ११ जूनला भाड्याच्या नावाने लाख रुपये वळवले, ३० जुलैला ५,००० भरले. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी सवलत जाते आणि व्याज थेट ११ जूनपासून लागतं. महिना ३.५ टक्क्यांनी १० ऑगस्टपर्यंत सुमारे ६,८४० रुपये व्याज, वर १,२३० जीएसटी. म्हणजे पाच हजार भरूनही नवं बिल १,०३,००० च्या पुढे. त्यात किराणा, पेट्रोल त्याच कार्डावर घेतलंत तर त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज.

‘व्याज साडेतीनच टक्के, बाजार बारा देतो.’ साडेतीन महिन्याचे, बारा वर्षाचे! वर्षाचे ४२ होतात, चक्रवाढीने ५१. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या व्याजावर घातलेली वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

‘इतक्या दिवसांत बाजार कितीसा पडणार?’ ४ जून २०२४ रोजी निफ्टी (५० बड्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) एका दिवसात सुमारे ५.९ टक्के पडला. बाजार सावरेपर्यंत बिलाची तारीख थांबत नाही.

आधीच अडकला असाल तर तोटा सोसूनही शेअर विका, पैसे मिळताच कार्डावर भरा. उरलेल्या रकमेसाठी बँकेत वैयक्तिक कर्जाचा दर विचारा, तो बहुधा कार्डाच्या निम्म्याहून कमी निघेल. बिल शून्यावर येईपर्यंत ते कार्ड कुठेही वापरू नका.