ईएसआयची कपात म्हणजे दरोडा? आधी हिशोब तरी बघा

कामगारांच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की ईएसआय (कामगार आणि मालक दोघांच्या पैशातून चालणारी सरकारी कामगार विमा योजना) म्हणजे गरिबाच्या पगारावर दरोडा, तेच पैसे हातात दिले तर मस्त प्रायव्हेट मेडिक्लेम येतो, कामगार हॉस्पिटलात जातं कोण, आणि ज्याला पाहिजे तो घेईल ना, सक्ती कशाला. वाचून खरंच राग आला म्हणून सविस्तर लिहितोय.

दरोडा किती ते बघू. १८,००० पगार असेल तर तुमचे ०.७५ टक्के म्हणजे महिन्याला १३५ रुपये जातात. मालक वरून ३.२५ टक्के भरतो, ५८५. जून २०१९ पर्यंत तुमचे १.७५ टक्के कापायचे, ते कमी झालेत, हे मेसेजवाला सांगत नाही.

आता ‘हातात द्या’. हातात येणार ते १३५, कारण मालकाचा वाटा तुमच्या पगारातून कापायला कायद्यानेच बंदी आहे. हां, पगार ठरवताना मालक तो मनात धरतोच, हे मान्य. पण कपात बंद झाली की दुसऱ्या दिवशी तो ५८५ तुमच्या हातावर ठेवेल असं वाटतं का? आणि समजा ठेवले, तरी शुगर असलेले वडील, बीपीवाली आई, बायको आणि मुलं एवढ्यांची पॉलिसी वर्षाला साडेआठ हजारात घेऊन दाखवा, जुन्या आजाराला तीन-तीन वर्षं थांबायला लावतात ते वेगळंच.

शिवाय मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, बुडालेला पगार नाही देत. समजा भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर बोटं गेली, दोन महिने हात बँडेजमध्ये, घरी हप्ते चालूच. ईएसआयमध्ये कामावरच्या अपघाताला पगाराच्या ९० टक्के मिळतात, पहिल्याच दिवशी अपघात झाला असला तरी. हात कायमचा अधू झाला तर त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे आणि माणूस गेलाच तर घरच्यांना पेन्शन. साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार, फक्त या दोन्हीला आधी ठराविक दिवस कपात झालेली लागते.

हॉस्पिटलची तक्रार मात्र खरी आहे आणि मी ती झाकणार नाही. रांगा, ‘औषध बाहेरून आणा’, रेफर करून घ्यायला घातलेल्या खेपा, सगळं आहे. अंधेरीच्या ईएसआय हॉस्पिटलला १७ डिसेंबर २०१८ ला आग लागली, ॲडमिट असलेली माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही. पण पैसे आपले आहेत तर डॉक्टर आणि औषधं मागा ना, योजनाच बंद करा म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सक्तीचं म्हणाल तर ऐच्छिक केलं की पंचविशीतली धडधाकट पोरं पहिली बाहेर पडणार, मागे आजारी आणि वयस्कर राहणार, मग १३५ चे १३५० व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि मालक तर भरतीच्या दिवशीच ‘नको आहे’ वर सही घेऊन मोकळा होईल.

ओरडायचंच असेल तर ईएसआयच्या २१,००० पगाराच्या मर्यादेवर ओरडा. जानेवारी २०१७ पासून ती तिथंच आहे, त्यानंतर महागाई कुठे गेली बघा. पगार २१,५०० झाला की चालू सहामाही संपल्यावर कपात बंद, पुढे कव्हरही बंद, म्हणजे ५०० ची वाढ मिळाली आणि आईच्या डायलिसिसचा खर्च अंगावर आला.