‘आपण’पासून ‘तू’पर्यंत: कोथरूडकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखाखाली कोथरूडच्या एका निवृत्त अभियंत्यांनी भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. तिथेच चार ओळींत उत्तर देणार होते, पण ते वाढत गेलं, म्हणून वेगळं लिहिते. लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माझे एक जुने विद्यार्थी स्वतःला पुरुषही म्हणवत नाहीत आणि स्त्रीही. इंग्रजीत ते स्वतःसाठी ‘ही’ किंवा ‘शी’ऐवजी ‘दे’ (they, एरवी अनेकवचनी) वापरायला सांगतात, मराठीत ‘ते’. माणसं स्वतःसाठी असं वेगळं सर्वनाम का निवडतात, हे समजून घ्यायचा प्रयत्न मी त्या लेखात केला होता.

त्यावर साहेबांचं म्हणणं असं. हे अमेरिकेतलं चार दिवसांचं खूळ आहे. ‘सर्वनाम हे काही टोपणनाव नाही की जो तो मर्जीने निवडेल, ते व्याकरण ठरवतं.’ मराठीत क्रियापदही बदलतं, तिथे काय करणार? उद्या कोणी ‘मला महाराज म्हणा’ म्हणेल, तर म्हणायचं का? कायद्यात असं कुठे लिहिलंय? मराठी शाळा बंद पडताहेत आणि तुम्हाला हे सुचतं? आणि एकूणच नागपूरची मराठी हिंदीनं बाटलेली, तेव्हा...

हे ‘तेव्हा’ महत्त्वाचं आहे. साहेब, तुमच्या प्रतिक्रियेची सुरुवात आहे ‘आदरणीय मॅडम, आपला लेख वाचला’. मधे कुठेतरी ‘तुम्ही पोरांच्या नाटकांना खतपाणी घालताय’. आणि शेवट: ‘तेव्हा तू आधी स्वतःचं व्याकरण सुधार, मग आम्हाला शिकव.’ एका प्रतिक्रियेत मी ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले. दरम्यान माझं लिंग बदललं नाही, मी एकाची दोन झाले नाही, वय तर तेवढंच. मग सर्वनाम कोणी बदललं? व्याकरणानं? तुमचा पारा चढत गेला तसं ते उतरत गेलं, एवढंच.

‘तू’ आम्हाला नवीन नाही. नागपुरात पन्नाशीतल्या मैत्रिणी एकमेकींना भर बर्डीवर ‘काहून वं, दिसत नाहीस’ म्हणून हाका मारतात, ‘का बे’शिवाय दोस्ती सुरू होत नाही. त्यातलं प्रेम कळतं आणि तुमच्या ‘तू’मधलं काय ते पण कळतं. मनाला लावून घेऊ नका असं दोघातिघांनी सांगितलं. लागलं मनाला. लपवायचं कशाला?

तुमच्या बाकी मुद्द्यांकडे येतेच, पण ते ‘व्याकरण ठरवतं’ मला सोडवत नाही. अकरावी-बारावीला मराठी शिकवण्यात माझी नोकरी संपली; लिंग, वचन, विभक्ती यांचे तक्ते मी झोपेत लिहून देईन. त्या तक्त्यांत तो, ती, ते आहेत. कोणाला ‘अहो’ आणि कोणाला ‘अरे’, हे कुठल्याही तक्त्यात नाही. ते ठरतं पगारावर, वयावर, जातीवर, सोयरिकीवर. आपण सहज म्हणतो, ‘बाबा आले’ आणि ‘आई आली’. एक माणूस, एक माणूस; एकाला आदरार्थी बहुवचन, दुसरीला एकवचन. आईवर प्रेम जास्त म्हणून ‘आली’, असं मला लहानपणी सांगितलं होतं. असेल. पण सासूबाईंना मात्र ‘आल्या’ म्हणायचं, हे कोणीही न विसरता शिकवलं.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये लागण्याआधी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात होते. तिथे पाटलाचं शेंबडं पोरगं त्यांना ‘का रे’ म्हणायचं आणि आजोबांनी त्या पोराला ‘जी मालक’ म्हणायचं. सांगा, हे कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात होतं? १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवरच्या गर्दीत आजोबा होते. त्यानंतर गावी गेले आणि कोणी मागून ‘का रे’ म्हणालं, की ते थांबायचे नाहीत. ऐकूच आलं नाही असं, हातातली पिशवी सावरत, त्याच चालीनं पुढे. ‘अहो’ ऐकू आलं की वळायचे. गावात तेव्हा काय बोललं गेलं असेल? ‘शहरात जाऊन शेफारला.’ ‘नाटकं करतो.’ तुमचाच शब्द, साहेब. आपल्याला कोणी काय म्हणायचं यात आपल्याला विचारलं पाहिजे, ही मागणी आमच्याकडे इन्स्टाग्रामवरून आलेली नाही. ‘हरिजन’ हे नाव लादलं जात होतं तेव्हा बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात विरोध केला आणि सहकाऱ्यांसह सभात्याग केला. तेव्हाही ‘नावात काय आहे, किती गोड नाव आहे’ म्हणणारे होतेच.

आता तुम्ही म्हणाल, जातीचा प्रश्न वेगळा आणि हा वेगळा. आहेच वेगळा. मी दोन्ही एका पारड्यात घालत नाहीये. मी फक्त तुमच्या त्या एका वाक्याबद्दल बोलतेय. ज्याला जन्मापासून न मागता ‘अहो’ मिळालं, त्याला सर्वनाम म्हणजे नुसतं व्याकरण वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

आणि तुम्ही वारीला जाता असं तुमच्याच ओळखीत लिहिलंय. मग ‘माउली निघाली’ म्हणताना तुमची जीभ अडखळत नाही ना? ज्ञानेश्वर पुरुष होते. आमच्या विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. कृष्णाची पत्नी या भावानं कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. त्यांच्या पाया पडायला मोठमोठे विद्वान यायचे. ते भक्तीतलं होतं, आजच्या शब्दांची चिठ्ठी त्यांच्यावर चिकटवायची नाही, हे मला कळतं. पण पुरुषानं स्वतःला कन्या म्हटल्यानं मराठीचं काही वाकडं झालं नाही, हेही तुम्हाला कळायला हरकत नसावी.

बाटलेल्या मराठीबद्दल. हौ, आमच्याकडे बाई ‘मी आली’ म्हणते. तुमच्याकडे ‘मी आले’. कोल्हापूरची पोरगी बिनधास्त ‘मी आलो’ म्हणते आणि तिच्या बाईपणात काडीचा फरक पडत नाही. यातलं व्याकरण कुठलं आणि बाटलेलं कुठलं? तुम्ही ज्याला व्याकरण म्हणता ते तुमच्या गल्लीतलं बोलणं आहे, फक्त तुमच्या गल्लीची पुस्तकं आधी छापली गेली.

पण या ‘आलो-आले-आली’तच माझ्या विद्यार्थ्यांची सगळी गोष्ट आहे, आणि ती तुम्ही वाचलीच नाहीत असं दिसतं. इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल बोलताना ‘आय वेन्ट’ म्हणतो, मोकळा होतो. अडचण येते ती दुसरा त्याच्याबद्दल बोलतो तेव्हा. मराठीत स्वतःच्याच तोंडानं दर वाक्याला सांगावं लागतं, मी बाई की मी बुवा. वर्गात हे मूल ‘मी जातो’ म्हणायचं नाही आणि ‘मी जाते’ही म्हणायचं नाही. ‘मला जायचंय.’ ‘मला बरं वाटत नाही.’ ‘माझा निबंध झालाय.’ ‘मी धडा वाचला’ हे चालायचं, कारण तिथे ‘वाचला’ धड्याकडे बघून होतं, वाचणाऱ्याकडे बघून नाही. ‘मी उद्या येईन’ चालायचं. अडायचं ते साध्या ‘आलो-आले’पाशी. काल गैरहजेरी का, असं विचारलं की उत्तर यायचं, ‘काल येणं झालं नाही, मॅडम.’ नागपूरचं ‘जाऊन राहिलो, जाऊन राहिली’ तर वापरताच येत नव्हतं, म्हणून पुस्तकातलं ‘मी जात आहे’. मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, ‘पुण्यावरून आलं का बे हे!’ मला तेव्हा वाटायचं, काय सुरेख प्रमाण भाषा आहे या मुलाची. कौतुक करायचे मी. ते सगळं कसरतीतून येत होतं, हे कित्येक वर्षांनी त्यांनीच सांगितलं, तेही हसत.

म्हणजे कारण विचाराल तर हे. वाक्यागणिक आपल्याबद्दल काहीतरी खोटं बोलावं लागतंय असं ज्याला वाटतं, तो माणूस त्यातून वाट काढतो. वाटा वेगवेगळ्या. ट्रान्स स्त्रीला, म्हणजे जन्मताना जिला मुलगा ठरवलं गेलं तिला, बहुतेक वेळा नेहमीचं ‘ती’च हवं असतं, त्यात काही नवल नाही. जे दोन्हीत बसत नाहीत त्यांतले बरेच जण ‘दे’ घेतात, कारण त्यात लिंग सांगावंच लागत नाही. काहींना ‘दे’चं अनेकवचन नको असतं, किंवा ज्याला आधीचा काहीच वास नाही असा कोरा शब्द हवा असतो, ते इंग्रजीत ‘झी’ वगैरे वापरतात. काहींना दोन्ही चालतात. काही जण पुढे बदलतातही, आणि त्यात त्यांनी आधी सोंग घेतलं होतं असं सिद्ध होत नाही. माणूस स्वतःला एका दमात कुठे समजतो?

आता बाकीचं भराभर.

चार दिवसांचं खूळ: इंग्रजीत एका माणसासाठी ‘दे’ चौदाव्या शतकापासून सापडतं. चार्ल्स क्रोझॅट कॉन्व्हर्स नावाच्या अमेरिकन वकिलानं १८५८ साली ‘थॉन’ असं नवं सर्वनाम घडवलं, ते १९३४ च्या वेबस्टर कोशात होतं आणि १९६१ च्या आवृत्तीतून गेलं. त्या गृहस्थांचा हेतू निव्वळ वाक्यरचना सोपी करण्याचा होता, म्हणजे तुमच्याच बिरादरीतले. स्वीडिश भाषेत ‘हेन’ हे तिसरं सर्वनाम २०१५ साली त्यांच्या अकादमीच्या शब्दसूचीत गेलं. आपल्या शेजारच्या बंगालीत तर तो आणि ती वेगळे नाहीतच, आणि बंगाल्यांची लग्नं व्यवस्थित होतात.

महाराज: चौकाचौकातल्या फ्लेक्सवर ज्याला त्याला ‘हृदयसम्राट’ आणि ‘युवा नेतृत्व’ म्हणताना तुम्हाला-मला कधी व्याकरण आठवलं नाही. तेव्हा एखाद्यानं महाराज म्हणायला सांगितलं तर बघू. अजून तरी मला कोणी सांगितलेलं नाही, तुम्हालाही नसावं.

कायदा: सर्वनामाचा कायदा नाही, कोणी मागितलाही नाही. पण तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे असं म्हटलंय, तो निकाल एकदा वाचा. ‘सक्ती’ हा शब्द तुम्ही अनेकदा वापरलाय. माझ्या लेखात तो एकदाही नाही.

क्रियापदाचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे आणि मी तो मान्य करते. मराठीत याला एकच सर्वमान्य रूप आज नाही. ‘ते आले’ म्हटलं तरी ते रूप मुळात पुल्लिंगीच पडतं. ‘ते आलं’ म्हटलं तर अनेकांना आपल्याला वस्तू केल्यासारखं, नाहीतर पाळण्यातलं बाळ केल्यासारखं वाटतं. एखाद्याला तेच आवडतं. कोणी आलटून पालटून बोलतं. माझे विद्यार्थी ‘ते आले’ घेतात आणि त्यातल्या आदरार्थी बहुवचनाचा फायदा उचलतात. ‘मॅडम, फुकटात मानही मिळतो,’ असं म्हणतात. आणि समोरासमोर बोलताना तर प्रश्न फारच थोडा येतो: ‘तुम्ही कधी पोचलात?’ यात कुठे काही अडलं? ज्या अडचणीसाठी तुम्ही दोन परिच्छेद खर्च केलेत, ती एका ‘तुम्ही’नं बरीचशी सुटते. तो शब्द तुम्हाला येतो. प्रतिक्रियेच्या मध्यापर्यंत तुम्ही तो वापरलाही होता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली दोन-तीन वाचकांनी तुमच्यावर जे लिहिलं होतं ते काढलं, कारण त्यातली भाषा वाईट होती. त्यांनी मेलवरून विचारलं, मग त्यांची का ठेवली? ती वाईट होती, पण सहीनिशी होती.

राहिल्या मराठी शाळा. त्यांच्यावर मी गेल्या वर्षी लेखमाला लिहिली, बंद पडलेल्या शाळांच्या शिक्षकांना भेटून. ती याच ब्लॉगवर आहे, ‘शाळा’ या विभागात. तिच्याखाली तुमची एकही प्रतिक्रिया मला सापडली नाही. आधी ती वाचा, मग मराठीच्या काळजीबद्दल बोलू.