डूला ठेवायची की नाही, विचारणाऱ्या बहिणीसाठी

माझ्या मावसबहिणीला सातवा लागलाय. परवा तिचा फोन, "ताई, डूला ठेवू का गं? की उगाच खर्च?" डूला म्हणजे बाळंतपणात सोबतीला राहायला पैसे देऊन ठेवलेली बाई. तासभर बोललो. तेच इथे लिहितेय, अजून कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिल्या वेळी मी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात चौदा तास कळा सोसल्या. नवरा आणि आई बाहेर बाकावर. आत घरच्यांना परवानगी नाही. सिस्टर यायच्या, तपासायच्या, जायच्या. शेवटी सिझर झालं. ते गरजेचं होतं, हे मी आजही मानते. पण का करतायत, हे टेबलवर झोपेपर्यंत मला कुणी सांगितलं नाही. ते अजून सलतं.

म्हणून दुसऱ्या वेळी डूला शोधली. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या वेळची सुईणच की!" तसं नाही. सुईण बाळंतपण करायची. डूला तपासत नाही, औषध देत नाही, डॉक्टरांच्या कामात पडत नाही. कळा सुरू झाल्या की ती बाईला सोडून हलत नाही, हेच तिचं मुख्य काम. आणि ते फार मोठं आहे. कोक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०१७च्या आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांवरचे २६ अभ्यास एकत्र तपासले होते. अशी अखंड सोबत मिळाली त्यांच्यात सिझरचं प्रमाण कमी होतं, कळांचा वेळही थोडा कमी.

कमी म्हणजे शून्य नव्हे. आपल्याकडे खासगी दवाखान्यांत शंभरातली सत्तेचाळीस बाळंतपणं सिझरने होतात (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१). त्या भीतीचा काही जणी धंदा करतात. मी भेटले ती पहिली डूला म्हणाली, "माझ्याकडे सिझर होतच नाही. तुम्ही आधी डॉक्टर बदला." आधीच्या सिझरचे टाके असलेल्या बाईला असा शब्द देणं धोक्याचं आहे. मी चहा न घेता उठले.

दुसरीने विचारलं, "पहिल्या वेळी काय झालं?" आणि पाऊण तास मधे एक शब्द बोलली नाही. मी रडत होते, ती ऐकत होती. मी तिथेच ठरवलं.

डूलासाठी आपल्याकडे सरकारी परवाना नाही, प्रमाणपत्रं खासगी संस्थांचीच. त्यामुळे विचारायचं आपणच: आमच्या डॉक्टरांना येऊन भेटशील का? त्या रात्री तू दुसरीकडे अडकलीस तर कोण येईल? घरी किती वेळा येशील? आणि पैसे देण्याआधी हॉस्पिटलला विचारायचं, तिला लेबर रूममध्ये सोडणार का. सरकारी दवाखान्यांत घरची एक बाई सोबत ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मान्यता दिली, पण खासगीत ज्याचा त्याचा नियम. खर्च झेपत नसेल तर बाळंतपण अनुभवलेली, न घाबरणारी मावशी किंवा वहिनी आत असली तरी खूप फरक पडतो.

माझं दुसरंही सिझरच झालं. बाळाचे ठोके मंदावत होते. डॉक्टर मॅडम समजावत होत्या, मला वेणांत काही कळेना. डूलाने माझ्या कमरेवर तळहात तसाच दाबून धरला आणि त्यांचंच बोलणं कानाशी सावकाश पुन्हा सांगितलं. या वेळी "हो, करा" असं मी म्हणाले.

आठव्या दिवशी ती घरी आली तेव्हा माझ्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, पाजायची वेळ आली की अंगावर काटा यायचा. तिने बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं आणि मग जवळ घेतलं. दुखणं निम्मं झालं. आईच्या डिंकाच्या लाडवांना, अळिवाच्या खिरीला तिने नावं ठेवली नाहीत. खोलीतली धुरी मात्र बंद करायला सांगितली, बाळाच्या श्वासाचं कारण देऊन. आईने मुकाट्याने शेगडी बाहेर नेली.

बहीण शनिवारी एकीला भेटतेय, मावशीला सोबत घेऊन. हॉस्पिटलला फोन तिने कालच केला.