राधानगरीचे दरवाजे मोजण्याआधी नृसिंहवाडीची पातळी बघा

जुलैत पावसाने जोर धरला की कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, राधानगरी धरणाचा अमुक नंबरचा दरवाजा उघडला. लगेच 'पाणी सोडलं' म्हणून ओरड. अहो, ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप बसतात. एकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. सातही उघडले तरी जेमतेम दहा हजार, म्हणजे दिवसभरात एक टीएमसी (अब्ज घनफूट) सुद्धा नाही.

शिवाय राधानगरी आहे ती एकट्या भोगावतीवर. पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी राहिल्याच. (पाचवी सरस्वती गुप्त, ती पुराच्या हिशोबात नको.) गगनबावडा-शाहूवाडीकडे कोसळणाऱ्या पावसातला जो धरणांच्या खाली पडतो, त्याला अडवायला दरवाजाच नाही. हे सगळं पाणी कोल्हापूरच्या वर प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते, म्हणून चिखली-आंबेवाडीची माणसं शहराच्या आधी जनावरं सोडवून बाहेर पडतात.

खरी गोम पुढे आहे. कोल्हापूर सोडलं की नदीला उतार असा राहतच नाही. रुई, इचलकरंजी, तेरवाड, कुरुंदवाड करत ती वळणावळणाने रेंगाळत नृसिंहवाडीला पोचते. तिथे समोर कृष्णा, कोयनेचं आणि हरिपूरला मिळालेल्या वारणेचं पाणी घेऊन आलेली. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला वाट मिळत नाही, पाणी मागे तुंबतं. वाडीच्या दत्त मंदिरात पाणी शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. भाविकांना पर्वणी, पण शिरोळच्या ऊसवाल्याच्या पोटात गोळा.

त्यामुळे माझं म्हणणं इतकंच, की पूर पाहायचा तर खालून वर पाहा. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका 43. 2019 ला पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं, 2021 ला 56 फूट 3 इंचांवर. राजारामचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण पाणीपातळीच्या त्याच रोजच्या तक्त्यात खाली रुई, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी असतात, तिकडे कुणी बघत नाही. राजारामला पाणी इंचाइंचाने उतरतंय आणि वाडीला अजून चढतंय, असं दिसलं तर गोठ्यात जनावरं परत आणायची घाई करू नका. वरचं उतरलेलं पाणी अजून खाली पोचायचं आहे, आणि गावाखालची मळी, म्हणजे नदीकाठची सखल जमीन, शेवटी मोकळी होते.

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायला खांबांमध्ये बसवलेल्या फळ्या. पावसाळ्याआधी ते निघालेच पाहिजेत. राहिले तर त्यात जलपर्णी, ओंडके अडकतात आणि पहिल्याच पुरात पाणी बंधाऱ्याची कड फोडून शेजारच्या रानात घुसतं. तुमच्या गावच्या बंधाऱ्याचे निघालेत का, तेवढं मे संपायच्या आत जाऊन बघा.